मुरगांव बंदरांतील आठ तास

कोंकणच्या किनाऱ्यानें बोटीचा प्रवास करणें ही एके काळीं हौसेची गोष्ट नसून निकडीची होती. मुंबईहून निघालेली आगबोट जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लें अशीं बंदरें घेत घेत पणजीस जाई. पुष्कळ ठिकाणीं तिला लागण्याजोगा धक्का नसे; मग ती खोल पाण्यांत उभी राही, किनाऱ्याकडून पडाव येत, आणि बायकामुलें, ट्रंका, आंब्यांच्या करंड्या व कोंबड्या यांची एकच गर्दी हेलकावे खात त्यांत उतरे. त्या प्रवासांत भय होतेंच. १७ जुलै १९४७ रोजीं रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेंहून अधिक उतारू प्राणांस मुकले, आणि तो दिवस कोंकणांतल्या कित्येक जुन्या घरांतून अद्यापि विसरला गेलेला नाहीं. पुढें सडका सुधारल्या, १९९८ सालीं कोंकण रेल्वे सर्व मार्गावर धावूं लागली, उतारूंच्या त्या बोटी बंद पडल्या, आणि समुद्र हा कोंकणी माणसाच्या वाटेवरून बाजूस झाला.

आतां त्याच पाण्यावरून पुनः जहाजें जातात, परंतु कोणास कोठें पोहोंचावयाचें म्हणून नव्हे. त्यांवर भोजनगृहें आहेत, गाण्याबजावण्याचे दिवाणखाने आहेत, आणि चोहोंकडे अथांग पाणी असतां मध्यें पोहण्यासाठीं म्हणून बांधलेला एक हौदही आहे! शिक्षकाच्या वेतनांत असला प्रवास बसत नाहीं हें वाचकांस सांगावयास नको. परंतु आमचे धाकटे बंधू पुण्यास एका मोठ्या कचेरींत आहेत, त्यांनीं आग्रह धरला, आणि गेल्या नाताळच्या सुटींत आम्ही सर्व मंडळी मुंबईहून निघून एका रात्रींत गोव्याच्या मुरगांव बंदरांत दाखल झालों. सर्व मंडळी म्हणजे आमची अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई, आम्ही उभयतां, बंधू व त्यांची पत्नी, आमची तेरा वर्षांची कन्या, नऊ वर्षांचा धाकटा, आणि बंधूंची पांच वर्षांची छोटी. एकूण आठ माणसें. जहाजावरून खालीं उतरण्यास सकाळचे नऊ व परत चढण्यास सायंकाळचे पांच अशी मुदत मिळाली होती. म्हणजे माणशीं एक तास पडला, असा हिशेब आमच्या कन्येनें केला.

हा आग्रह मुख्यतः आईसाठीं होता. तिचें माहेर वेंगुर्ल्याचें. तिचे वडील तेथें मिशनच्या इस्पितळांत कंपाउंडर होते, आणि आठ वर्षांची असतां ती त्यांच्याबरोबर आगबोटीनें मुंबईस गेली होती. पडावांतून बोटीच्या शिडीवर चढतांना खलाशांनीं पोरांना हातोहात कसें झेललें, हें ती आम्हांस आमच्या लहानपणापासून सांगत आली आहे. लग्नानंतर ती घाटावर आली ती तेथेंच राहिली. अलीकडे तिचे गुडघे गेले आहेत, आणि दृष्टीही मंद झाली आहे. समुद्र पुनः एकदां पायाला लागावा, एवढेंच तिनें मागितलें होतें.

धाकट्याची गोष्ट याच्या अगदीं उलट. गेल्या पावसाळ्यांत त्याच्या वर्गांतला एक मुलगा ओढ्याच्या पुरांत वाहून गेला. दोघे एका बाकावर बसत. तेव्हांपासून आमचा धाकटा पाण्याच्या कडेला उभा राहीनासा झाला. गांवच्या तळ्यावरून जाणारा जवळचा रस्ता सोडून तो दूरच्या रस्त्यानें शाळेस येई. आम्हीं त्यास समजाविलें नाहीं असें नाहीं. परंतु ज्या मुलानें आपल्या शेजारची जागा रिकामी पाहिली आहे त्याला शब्दांनीं कितीसें समजाविणार? जहाजावर त्यानें रात्र काढली ती खोलींतलें तरंगतें जाकीट उशाशीं घेऊन. त्यास घरीं ठेवावें कीं बरोबर आणावें, याविषयीं आमच्या घरांत दोन आठवडे वाद झाला होता, आणि आणल्यानंतरही आमच्या कुटुंबाच्या मनांतून ती शंका गेली नव्हती.

पहांटे जहाज झुवारी नदीच्या मुखाशीं आलें तेव्हां आम्ही मुलांस घेऊन वरच्या सज्जावर गेलों. डाव्या हातास दोना पावलाचें भूशिर, उजव्या हातास मुरगांवचें, आणि मध्यें नदीचें रुंद मुख. येथें १६२४ सालीं पोर्तुगीजांनीं किल्ला बांधावयास घेतला. जुन्या गोव्यांत रोगराई वाढली तेव्हां राजधानी या टेंकडीवर आणण्याचाही घाट घातला होता, पण तो तडीस गेला नाहीं. मुलांस यांत रस वाटला नाहीं. रस वाटला तो दुसऱ्या एका गोष्टींत. १९३९ सालीं महायुद्ध सुरू झाल्यावर तीन जर्मन व एक इटालियन व्यापारी जहाज या बंदरांत आश्रय घेऊन राहिलीं होतीं, आणि पोर्तुगाल तटस्थ असल्यामुळें इंग्रजांस त्यांवर उघड हात टाकतां येत नव्हता. त्यांतल्या 'एरेनफेल्स' जहाजावरून बिनतारी यंत्रानें पाणबुड्यांस गुप्त बातम्या जातात असा इंग्रजांचा संशय होता. शेवटीं मार्च १९४३ मध्यें कलकत्त्याच्या एका हौशी घोडेस्वार पथकांतले कांहीं पोक्त गृहस्थ, एरवीं व्यापार व कचेऱ्या सांभाळणारे, हिंदुस्थानास वळसा घालून आलेल्या एका गाळवाहू बोटींतून रात्रीं या बंदरांत शिरले, आणि जर्मन खलाशांनीं आपलीं जहाजें आपणच पेटवून बुडविलीं. "त्या गृहस्थांचें वय काय होतें?" कन्येनें विचारलें. कित्येकांचें आमच्याएवढें किंवा त्याहूनही अधिक, असें सांगतांच तिनें आमच्या पोटाकडे पाहिलें व कांहीं न बोलतां समुद्राकडे तोंड फिरविलें.

बंदराच्या दारावर टॅक्सीवाल्यांची झुंबड असते. प्रत्येकापाशीं एक छापील पत्रक, आणि त्या पत्रकांत सहा तासांत दाखविण्याचीं बारा स्थळें: जुन्या गोव्याचीं मंदिरें व चर्चें, मंगेशी, पणजी, दोना पावला, आणखी कायकाय. बंधूंचा कल तिकडे होता. पैसे दिले आहेत तर सर्व पाहून घ्यावें, हा त्यांचा न्याय. आमच्याही मनांत एक लोभ होता. याच झुवारीच्या कांठीं वरच्या अंगास राचोल आहे. फादर स्टीफन्स यांचें 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं तेथेंच प्रथम छापलें गेलें, आणि मराठी शिकविणाऱ्यानें गोव्यास येऊन राचोल पाहूं नये हें आम्हांस जिवावर आलें. परंतु गुडघे दुखणारी म्हातारी व पांच वर्षांची पोर यांना बारा स्थळें दाखविणें म्हणजे बारा वेळां गाडींत चढविणें व बारा वेळां उतरविणें. स्थळें गाडीवाल्याचीं होतात, दिवस कोणाचाच होत नाहीं. आम्हीं राचोल सोडलें, बंधूंनीं मंगेशी सोडली, आणि बंदरापासून फार दूर नसलेला बोगमाळ्याचा किनारा धरावयाचा, वाटेवर एकच थांबा घ्यावयाचा, असें ठरलें.

तो थांबा म्हणजे नौदलाचें विमानसंग्रहालय. वास्को शहरावरून बोगमाळ्यास जाणाऱ्या रस्त्यावरच तें आहे. १९९८ सालीं तें उघडण्यांत आलें. सोमवारीं तें बंद असतें, हें जाणाऱ्यांनीं लक्षांत ठेवावें. उघड्या मैदानांत 'विक्रांत' जहाजावरून उडणारीं सी हॉक व अलिझे हीं विमानें, उभ्यानें उतरूं शकणारें सी हॅरियर, आणि तीन शेपटांचें प्रचंड सुपर कॉन्स्टेलेशन मांडून ठेविलें आहे. मुलांस येथें धांवावयास मोकळी जागा मिळते, वडील माणसांस झाडाखालीं बसतां येतें. तासाभरानें आम्ही निघालों.

बोगमाळ्याची पुळण लहान आहे. दोहों टोंकांस खडक, मध्यें चंद्रकोरीसारखी वाळू, माथ्यावरून दाभोळीच्या तळावरचीं विमानें जात येत असलेलीं. टॅक्सी वाळूच्या जवळपर्यंत जाते, ही गोष्ट म्हाताऱ्या माणसांच्या दृष्टीनें कोणत्याही सौंदर्यापेक्षां मोलाची. एका खानावळवाल्यानें आईसाठीं खुर्ची दिली. ती बसली, समुद्राकडे कान लावल्यासारखें केलें, आणि म्हणाली, "आज दशमी. साडेसातांस भरती होऊन गेली. दीड-दोनपर्यंत पाणी उतरत राहील."

ख्रिस्ती घरांतल्या बाईस तिथी कशी ठाऊक, असें कोणास वाटेल. वेंगुर्ल्यास तिच्या शेजारीं गाबितांचीं घरें होतीं, आणि त्यांची आंकडेमोड ती खेळतां खेळतां शिकली होती. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ निघते: दशमीची साडेसात, अष्टमीची सहा, चतुर्थीची तीन. चंद्र रोज सुमारें पन्नास मिनिटें मागें पडतो व भरतीही त्याच्याबरोबर मागें पडते. एका तिथीमागें पाऊण तास धरण्यांत हेंच गणित आहे. पौर्णिमा-अमावास्येला चंद्र-सूर्यांची ओढ एका रेषेंत येते म्हणून उधाण. अष्टमीच्या सुमारास ती काटकोनांत येते म्हणून भांग, म्हणजे पाण्याची चढउतार थोडी. कन्येनें तेवढ्यांत मोबाइलवर बंदराचें कोष्टक काढून पाहिलें. आजीचें उत्तर अर्ध्या तासाच्या आंत बरोबर निघालें. तिला याचें नवल वाटलें. आजीला मोबाइलचें वाटलें.

ओहोटीची वेळ मुलांच्या खेळास उत्तम. पाणी मागें हटतें तशी ओली, घट्ट वाळू उघडी पडते, आणि तिच्यावर बारीक खेंकडे बाहेर येऊन वाळू चाळूं लागतात. ते वाळूंतलें खाद्य तोंडानें वेंचून घेतात व उरलेल्या वाळूची मोहरीपासून वाटाण्याएवढी गोळी करून मागें टाकतात. थोड्याच वेळांत बिळाभोंवतीं अशा शेंकडों गोळ्यांची नक्षी उमटते. छोटी त्यांच्यापुढें पाऊण तास उकिडवी बसून होती, आणि घरीं जिला पांच मिनिटें गप्प बसविणें कठीण तिच्या तोंडून एक शब्द निघाला नाहीं. हलूं नये, सावली पडूं देऊं नये, मग खेंकडे बाहेर येतात, एवढाच नियम. शिंपल्या, शंख, दगडाच्या खांचेंत अडकलेल्या पाण्यांतले मासे, यांसाठीं कांहीं दाम पडत नाहीं. पाण्यावरून फटफटत नेणाऱ्या यंत्रांसाठीं पडतात, आणि त्यांच्या आवाजांत शेजारच्याशीं बोलतां येत नाहीं. बंधूंनीं एक फेरी मारिली. परत आल्यावर ते वाळूंत किल्ला करावयास बसले.

हा किल्ला कन्या व बंधू यांनीं मिळून केला. दिवाळींत अंगणांत करतात तसा, बुरूज, तट, खंदक, सर्व कांहीं. पाण्याच्या अगदीं कडेला तो बांधण्यांत हेतु हा कीं लाटांनीं त्यावर हल्ला करावा. परंतु ओहोटीचा समुद्र किल्ले घेत नाहीं. तो प्रत्येक लाटेगणिक मागें सरला, आणि बाराच्या सुमारास किल्ला व शत्रु यांमध्यें चांगलें पन्नास पावलांचें अंतर पडलें.

धाकटा या सर्वांपासून दूर, आजीच्या खुर्चीमागें, कोरड्या वाळूंत बसला होता. त्यास कोणीं बोलाविलें नाहीं. तसें आम्हीं सर्वांस आधींच सांगून ठेविलें होतें.

दुपारीं बाराच्या पुढें एक प्रकार घडला. चार-पांच तरुणांची टोळी खडकाच्या बाजूस पाण्यांत उतरली. तेथें लाटा फुटत नव्हत्या, पाणी शांत दिसत होतें. एकाएकीं शिटी वाजली, जीवरक्षक फळी घेऊन धांवला, आणि आमच्या ध्यानांत येण्यापूर्वींच एक डोकें किनाऱ्यापासून बरेंच दूर गेलेलें दिसलें. तो तरुण किनाऱ्याकडे हात मारीत होता व मागें मागें जात होता. जीवरक्षक त्याच्याकडे सरळ न जातां बाजूनें गेला, त्यास फळीवर घेतलें, आणि पुनः बाजूबाजूनेंच किनाऱ्यास आणलें. सर्व मिळून पांच-सात मिनिटें लागलीं असतील. तरुण वाळूवर ओकला व उठून बसला.

आम्ही धाकट्याकडे पाहिलें. तो उभा राहिला होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. आमच्या कुटुंबानें त्याचा हात धरून गाडीकडे नेण्यास सुरुवात केली, तों हात सोडवून घेऊन तो निघाला तो थेट त्या जीवरक्षकाकडे. आम्ही मागोमाग गेलों. त्यानें विचारलें, "दादा, तो पोहत होता तरी मागें कां जात होता?"

तो जीवरक्षक कोंकणी बोलणारा, विशी-बाविशींतला मुलगा. गोव्याच्या किनाऱ्यांवर अशी जीवरक्षकांची नेमणूक २००८ पासून आहे. त्यानें प्रश्न टाळला नाहीं. धाकट्यास जवळ उभें करून त्यानें बोटानें दाखविलें: लाटा जें पाणी किनाऱ्यावर आणून टाकतात त्याला परत जावयास वाट लागते, तें एखाद्या खोलगट पन्हळींतून एकवटून मागें जातें. त्या पट्ट्यांत लाटा फुटत नाहींत, पाणी काळसर दिसतें, फेस किनाऱ्याकडे न येतां समुद्राकडे चालतो. अजाण माणसाला तीच जागा सुरक्षित वाटते. तिच्यांत सांपडलेला मनुष्य ओढीच्या विरुद्ध झगडतो, थकतो, व थकल्यामुळें बुडतो. त्यानें झगडूं नये. पाठीवर तरंगावें, हात वर करावा, आणि किनाऱ्याला समांतर सरकत पट्ट्याच्या बाहेर पडावें. पट्टा सहसा अरुंद असतो. लाल-पिवळ्या निशाणांच्या मधली जागा पोहण्याची, केवळ लाल निशाण असेल तेथें पाण्यांत पाऊल टाकावयाचें नाहीं.

आमच्यासारख्या शिक्षकांस हें ऐकतांना दुसरेंच कांहीं आठवत होतें. फेब्रुवारी २०१६ मध्यें मुरूडच्या समुद्रांत पुण्याच्या एका महाविद्यालयाचे चौदा विद्यार्थी सहलीस गेले असतां बुडाले. त्यानंतर अनेक ठिकाणीं सहलीच्या यादींतून समुद्रच गाळला गेला. मुलांस पाण्यापासून दूर ठेवणें सोपें आहे, आणि पालकांनाही तेंच आवडतें. परंतु तीं मुलें पुढें मोठीं होतात, सुटीच्या दिवशीं मित्रांबरोबर कोणास न विचारतां किनाऱ्यावर जातात, आणि त्या वेळीं काळसर, शांत पट्टा कोणता हें त्यांना ओळखतां येत नाहीं. भूगोलाच्या पुस्तकांत भरती-ओहोटीचा धडा आहे. त्यांत या पट्ट्याची एक आकृति घातली तर एक पान वाढेल.

धाकट्यानें तो पट्टा स्वतः शोधून दाखविला. मग दुसऱ्या बाजूस तसा आहे काय हें पाहून आला, नव्हता. मग पुनः येऊन आजीजवळ बसला व तिला सर्व सांगूं लागला. "त्यालाही हें ठाऊक असतें तर?" असें त्यानें एकदां विचारलें. तो कोण हें सांगावयास नको होतें. आजी खोटें बोलत नाहीं. ती म्हणाली, "पुराच्या ओढ्याची गोष्ट वेगळी, बाळा. त्यांत मोठ्यांचेंही कांहीं चालत नाहीं." तो पुष्कळ वेळ गप्प राहिला.

जेवण झालें, बांगड्याचें हुमण, भात, सोलकढी. जेवणाचा खर्च जहाजावर फुकट मिळालेल्या भोजनापेक्षां अधिक सुखाचा वाटला, असें बंधूंनींच कबूल केलें. अडीचच्या सुमारास पाणी वळलें होतें व पुनः हळूहळू चढूं लागलें होतें. आई उठली. आम्ही दोघे भाऊ दोहों बाजूंनीं आधार द्यावयास गेलों, तों तिनें आम्हांस दूर सारलें व नातवाकडे वळून आपल्या माहेरच्या बोलींत म्हणाली, "माका दिसणा नाय. दगड खंय आसत ते तूं सांग."

त्यानें प्रथम लाल-पिवळीं निशाणें कोठें आहेत तें पाहिलें. मग काळसर पट्टा पाहिला. मग तिचा हात धरला. दोघे अगदीं सावकाश निघाले. ओल्या वाळूवर येतांच तो थांबला, आणि आम्हांस वाटलें कीं आतां तो परत फिरेल. "येथें दगड नाहीं," तो म्हणाला. आणखी चार पावलें. "येथेंही नाहीं. येथें शिंपली आहे, डावीकडे ये." पहिली लाट त्यांच्या घोट्यांवरून गेली तेव्हां त्यानें डोळे मिटले होते, हें आमच्या कुटुंबानें पाहिलें. दुसऱ्या लाटेस ते उघडे होते. घोट्यापलीकडे दोघेही गेलीं नाहींत. आईनें वांकतां येईना म्हणून त्याच्याकडून ओंजळभर पाणी घेऊन तोंडास लावलें, आणि खारटपणानें तोंड वांकडें करून मोठ्यानें हसली. त्या दोघांच्या मागें छोटी व कन्या धांवत गेलीं; आम्ही पुरुष मंडळी किल्ल्याजवळच उभे राहिलों.

सव्वातीनांस निघावें लागलें. जहाज कोणासाठींही थांबत नाहीं, आणि वास्कोच्या रस्त्यावर मालवाहू गाड्यांची रांग केव्हां लागेल याचा नेम नसतो. पाणी किल्ल्यापासून अद्याप वीस पावलांवर होतें, आणि तो पडलेला पाहिल्याशिवाय कन्या हलेना. शेवटीं खानावळवाल्याच्या मुलानें तो पडला म्हणजे आपण पाहून ठेवूं असें तिला वचन दिलें. पावणेपांचास आम्ही आठही माणसें धक्क्यावर होतों. पायांस वाळू लागलेली असल्यामुळें शिडीपाशीं एका पाहरेकऱ्यानें आम्हांस चपला झटकावयास लाविलें.

संध्याकाळीं जहाज हललें. आई गरम शाल घेऊन सज्जावर बसली होती. किनाऱ्याचे दिवे मागें पडूं लागले तेव्हां धाकटा तिच्या शेजारीं रेलिंगला टेंकून खालीं पाण्याकडे पाहत होता, आणि तोंडानें पुटपुटत होता: "उद्यां एकादशी. अकरा त्रिक तेहतीस. तेहतीसाला चारांनीं भागलें म्हणजे आठ, आणि उरला एक. आजी, एक म्हणजे किती?"

"पाव तास," आई म्हणाली. "सव्वाआठ."